‘गिअरबॉक्स गेला’ : एका घाईच्या निदानाचे खंडन

सकाळी गाडी सुरू करावी, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर ‘ड्राइव्ह’वर आणावा, आणि काहीच घडू नये. एक सेकंद जातो, दुसरा जातो, तिसरा सरता सरता खालून धक्का बसतो आणि मग गाडी ओढू लागते. जुनी ऑटोमॅटिक गाडी वापरणाऱ्या पुष्कळांना हा अनुभव ओळखीचा असेल. वर्कशॉपमध्ये याला ‘गिअर उशिरा धरतो’ म्हणतात. आणि तिथेच, गाडीखाली कोणी वाकण्याच्या आधी, निकालही मिळतो : ‘गिअरबॉक्स गेला. नवा टाका, नाहीतर पूर्ण खोलावा लागेल.’

हा निकाल मला मान्य नाही. गिअरबॉक्स कधीच जात नाहीत असे मी म्हणत नाही. जातात, आणि गेलेले मी पुष्कळ खोलले आहेत. माझा आक्षेप ‘उशिरा धरतो, म्हणून गेला’ यातल्या ‘म्हणून’ या शब्दाला आहे. त्या एका शब्दावर लोक गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा मोजून देतात. तो शब्द कोणी सिद्ध केला आहे का, हा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवतो आहे. निवाडा त्यांनी करावा.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग पाडायचा, हे वादाच्या शिस्तीत बसत नाही. म्हणून तो पूर्ण बळानिशी मांडतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला क्लच म्हणजे तेलात बुडालेल्या पातळ प्लेटांचा थर : एक पोलादी, एक कागदासारखे घर्षण-अस्तर लावलेली, पुन्हा एक पोलादी. अस्तर झिजले की प्लेटांमधली फट वाढते. वाढलेली फट मिटवायला पिस्टनला जास्त सरकावे लागते, म्हणून उशीर होतो. उशीर जाणवू लागला म्हणजे झीज बरीच पुढे गेलेली आहे. अशा वेळी वरवरची दुरुस्ती करणे म्हणजे ग्राहकाला दोनदा खर्चात घालणे, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरीच मोठी असते. शिवाय स्कॅनर लावला तर कोड मिळत नाही. म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग शाबूत, दोष आतल्या लोखंडात. तेलावर संशय घेण्यात अर्थ नाही, कारण कंपनीने ते आयुष्यभराचे म्हणून भरले आहे. उलट जुन्या गिअरबॉक्सचे तेल बदलले की तो बसतो, असा अनेकांचा अनुभव आहे. आणि आपल्याकडे सुटे भाग मिळणे कठीण, पूर्ण असेंब्ली मिळते आणि तिच्यावर वॉरंटीही मिळते. मग शोधत कशाला बसायचे?

असे म्हणणारे लबाड नाहीत. त्यांच्यात हाताने निष्णात माणसे आहेत आणि त्यांच्यापैकी काहींकडून मी काम शिकलो आहे. म्हणूनच उत्तर सविस्तर द्यायला हवे.

मुळात हा उशीर कशाचा असतो? लिव्हर हलवला की मॅन्युअल व्हॉल्व्ह सरकतो. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या पंपाने दाबलेले तेल त्या व्हॉल्व्हमधून, व्हॉल्व्ह बॉडीच्या चक्रव्यूहासारख्या वाटांमधून, क्लचच्या पिस्टनमागे पोचते. पिस्टनमागची पोकळी भरते, पिस्टन परतीच्या स्प्रिंगा दाबत पुढे येतो, फट मिटते आणि प्लेटा आवळल्या जातात. हायड्रा-मॅटिक हा गिअरबॉक्स १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मॉडेलांत आला, तेव्हापासून आजच्या आठ-दहा गिअरांच्या पेट्यांपर्यंत बाकी सारे बदलत गेले. तेलाच्या दाबाने घर्षणाचा भाग आवळायचा, हे तत्त्व टिकून आहे. तेव्हा आपण ज्याला उशीर म्हणतो तो मुख्यतः एक पोकळी तेलाने भरायला लागलेला वेळ होय. पाण्याची टाकी भरायला वेळ का लागतो? टाकी मोठी असते, नळाला पाणी कमी येते, किंवा पाइप वाटेत फुटलेला असतो. पूर्वपक्षाने यातले पहिले कारण उचलले आणि उरलेल्या दोहोंची चौकशीही केली नाही.

त्या पहिल्या कारणाचेच माप काढू. आकडे समजुतीपुरते घेतो, पण ते प्रवासी गाडीला शोभतील असेच आहेत. समजा, पिस्टनचे क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर आहे आणि निरोगी क्लचमधली एकूण फट दीड मिलिमीटर. पोकळीत ९ घन सेंटिमीटर तेल लागेल. अस्तरे झिजून फट दुप्पट, म्हणजे ३ मिलिमीटर झाली, तर १८ घन सेंटिमीटर लागेल. पंप एका फेऱ्याला १५ घन सेंटिमीटर तेल देत असेल आणि इंजिन आयडलवर मिनिटाला ७०० फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला १७५ घन सेंटिमीटर तेल निघते. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग), कूलर, वंगण यांची वाटणी सोडा, वाटेतली अरुंद छिद्रेही सोडा. आणि क्लचला या साऱ्याचा फक्त दहावा भाग मिळतो असे माना. तरी निरोगी क्लच अर्ध्या सेकंदात भरेल आणि झिजलेला सुमारे एका सेकंदात. फरक अर्ध्या सेकंदाचा. दीड मिलिमीटर अधिकची झीज थोडी नव्हे. इतकी झीज झालेला क्लच रस्त्यावर ठिकठिकाणी घसरून आपली अवस्था आधीच सांगून मोकळा होतो. आपल्या गाडीला लागतात तीन सेकंद. एक सेकंद कसाबसा हिशेबात बसला. उरलेले दोन कुठून आले?

ते कमी आलेल्या तेलातून आले, नाहीतर गळालेल्या तेलातून. दुसरी वाट नाही.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा. त्याच्या अभावी निम्मे घोटाळे होतात. उशीर वेगळा, घसरण वेगळी. उशीर म्हणजे क्लच आवळायला वेळ लागणे. घसरण म्हणजे आवळल्यावरही तो न धरणे. गिअर एकदा पडल्यावर गाडी चढावर नीट ओढत असेल, पुढचे गिअर बदलताना इंजिनाचे फेरे उगाच वर पळत नसतील, तर प्लेटा धरत आहेत. धरणाऱ्या प्लेटा जळालेल्या कशा म्हणायच्या?

न्यायशास्त्रात पाच हेत्वाभास सांगितले आहेत. त्यांतला पहिला सव्यभिचार : जो हेतू साध्य असते तिथेही सापडतो आणि नसते तिथेही सापडतो. उशीर हा जळालेल्या क्लचचा असाच हेतू आहे. जळालेल्या क्लचसोबत तो दिसतो, आणि ठणठणीत क्लच असलेल्या गाडीत तेल लिटरभर कमी असले तरी दिसतो. अशा हेतूवरून अनुमान होत नाही, अंदाज होतो. आणि अंदाजाचे बिल ग्राहकाने का भरावे?

पूर्वपक्षाच्या निरीक्षणात सत्याचा अंश आहे, हे मी नाकारत नाही. उशिरा धरणारे गिअरबॉक्स खोलले की पुष्कळदा क्लच काळा पडलेला सापडतो, हे खरे आहे. पण कारण कोणते आणि कार्य कोणते? दाब कमी असताना पिस्टन अर्धवट आवळतो, प्लेटा घासत राहतात, तापतात आणि जळतात. त्यात चालक अधीर होऊन ॲक्सिलरेटर दाबतो. इंजिन अडीच-तीन हजार फेऱ्यांवर असताना क्लच अचानक पकडतो आणि तो सारा वेग प्लेटांनाच गिळावा लागतो. म्हणजे उशीर आधी आला, जळणे नंतर. जळालेल्या प्लेटा बदलल्या आणि दाब कमी करणारी गळती तशीच ठेवली, तर नव्या प्लेटा त्याच वाटेने जातील. दोनदा खर्चाची भीती पूर्वपक्षाने दाखवली होती. तो खर्च त्याच्याच पद्धतीने ओढवतो.

आता स्कॅनर. ‘कोड नाही, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ठीक, म्हणजे आतला लोखंडी भाग गेला’ या साखळीची दुसरी कडी कच्ची आहे. गिअर घसरतो आहे हे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला कसे कळते? आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचे वेग ताडून पाहून. गाडी उभी असताना बाहेरच्या शाफ्टचा वेग शून्य असतो. ताडून पाहायला काही नसतेच. बऱ्याच गिअरबॉक्सना आतला दाब मोजणारा सेन्सरही नसतो. म्हणून उभ्या गाडीत गिअर तीन सेकंद उशिरा पडला तरी कोड न येणे अगदी स्वाभाविक आहे. कोड नाही याचा अर्थ कॉम्प्युटरने काही पाहिले नाही, इतकाच होतो.

पण त्याच स्कॅनरवर कोडच्या पानाऐवजी चालू आकड्यांचे पान उघडा. टर्बाइनचा, म्हणजे कन्व्हर्टरमधल्या गिअरबॉक्सकडच्या चक्राचा वेग, काही गाड्यांत त्यालाच इनपुट स्पीड म्हणतात, तो आलेखावर लावा. न्यूट्रलमध्ये टर्बाइन इंजिनाच्या जवळपास वेगाने फिरत असते. ब्रेक दाबून लिव्हर ड्राइव्हवर आणला आणि क्लचने धरले, की उभ्या चाकांना जोडली गेलेली टर्बाइन थांबते. रेषा शून्यावर येते. (काही नव्या गाड्या उभ्या असताना स्वतःच क्लच सैल सोडतात, तेवढा अपवाद लक्षात ठेवावा.) लिव्हर हलल्यापासून रेषा पडेपर्यंतचा काळ म्हणजे तुमचा उशीर, सेकंदाच्या दशांशापर्यंत मोजलेला. आणि रेषेचा आकार त्याहून बोलका असतो. बराच वेळ सपाट राहून ती कड्यावरून पडावी तशी पडली, तर पोकळी उशिरा भरली पण क्लचने घट्ट धरले. वेळेवर निघून घसरगुंडीसारखी हळूहळू उतरली, तर प्लेटा घासत आहेत. ज्या यंत्राने काही सांगितले नाही म्हणून गिअरबॉक्सला शिक्षा झाली, तेच यंत्र नीट विचारल्यावर साक्ष देते.

स्कॅनर नसला तरी घड्याळ असतेच. टोयोटाच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ही चाचणी नेमून दिलेली आहे. तेल ५० ते ८० अंश सेल्सिअस तापलेले हवे, हँडब्रेक ओढलेला हवा, इंजिन आयडलवर. न्यूट्रलमधून ड्राइव्हवर टाकायचे आणि धक्का जाणवेपर्यंतचा वेळ घ्यायचा. मधे एक-एक मिनिट थांबून तीनदा मोजायचे आणि सरासरी काढायची. ड्राइव्हसाठी १.२ सेकंदांपेक्षा कमी, रिव्हर्ससाठी १.५ सेकंदांपेक्षा कमी. इतर कंपन्यांच्या मर्यादा त्यांच्या त्यांच्या पुस्तिकांत पाहाव्यात. वेळ जास्त भरला तर संशयितांची यादीही तिथेच दिलेली असते, आणि तिच्यात लाइन प्रेशर, म्हणजे पंपाकडून येणाऱ्या तेलाचा दाब, कमी असणे आधी येते, क्लच झिजणे नंतर. ज्यांनी तो गिअरबॉक्स बनवला त्यांनी लावलेला हा क्रम आहे. आपण तो उलटा का करतो?

या विषयातला मला सर्वांत प्रिय भाग मात्र थर्मामीटरचा आहे. उशीर केव्हा होतो, हा प्रश्न जो मेकॅनिक विचारत नाही, त्याने निम्मा पुरावा फेकून दिला. तेल आणि रबर यांचे स्वभाव परस्परांविरुद्ध आहेत. पिस्टनच्या कडेचे रबरी सील वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते. डिसेंबरच्या सकाळी ते आकसलेले असते आणि कडेने तेल सोडते. गाडी पाच-दहा किलोमीटर चालली की तापून मऊ पडते, फुगते आणि पुन्हा धरते. व्हॉल्व्ह बॉडीतल्या ॲल्युमिनियमच्या भोकाची झीज याच्या उलट वागते. तिथे सकाळचे घट्ट तेल झिजलेल्या फटीतून फारसे निसटत नाही, म्हणून गाडी सकाळी बरी असते; दुपारी वाहतुकीत तास काढल्यावर तेल पातळ होते, फट गळू लागते आणि सिग्नलवर गिअर लागेनासा होतो. सकाळी आजारी आणि दुपारी बरी, तर सील पाहा. सकाळी बरी आणि दुपारी आजारी, तर व्हॉल्व्ह बॉडी आणि पंप पाहा. यासाठी एक नटही उघडावा लागत नाही.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत फक्त पहिल्यांदा उशीर होत असेल आणि मग दिवसभर काही नसेल, तर तो तिसराच प्रकार. टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल रात्री हळूहळू खाली टाकीत उतरते. सकाळी क्लच वेळेवर आवळलाही जातो, पण रिकामा कन्व्हर्टर भरेपर्यंत इंजिनाचा जोर पुढे पोचतच नाही. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सवाले अमेरिकन ट्रकचालक हे पिढ्यान् पिढ्या ओळखतात. त्या रचनेत लिव्हर ‘पार्क’वर असताना पंप कन्व्हर्टर भरत नसे, म्हणूनच त्या गाड्यांचे तेल न्यूट्रलमध्ये मोजायचे असते. गाडी सुरू करून काही सेकंद न्यूट्रलमध्ये ठेवली की उशीर नाहीसा होतो. आपल्या गाडीवरही हा प्रयोग करून पाहावा : सकाळी सुरू केल्यावर लगेच गिअर न टाकता अर्धा मिनिट थांबावे, मग टाकावा. उशीर गेला, तर तेल रात्री उतरते आहे हे कळले. त्याचे कारण शोधता येते, बहुधा त्यात तातडी नसते, आणि त्यापायी गिअरबॉक्स बदलणे म्हणजे वॉशर झिजला म्हणून विहीर बुजवणे.

उशीर कोणत्या दिशेला आहे, तेही पाहावे. ड्राइव्ह आणि रिव्हर्स दोन्हीकडे सारखाच असेल, तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे : तेलाची पातळी, फिल्टर, पंप, दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह. पुढे आणि मागे जाण्यासाठी आवळले जाणारे क्लच एकच नसतात. ते सगळे एकाच महिन्यात सारखेच झिजले असे मानायला फार मोठा योगायोग लागेल. एकाच दिशेला उशीर असेल, तर त्या एका वाटेवरचे सील किंवा व्हॉल्व्ह. त्यासाठीही आधी गिअरबॉक्स उतरवायची गरज नसते. पुष्कळ गाड्यांत खालून तेलाचा पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी काढून त्या-त्या क्लचच्या छिद्रात कॉम्प्रेसरची हवा सोडता येते. सील चांगले असेल तर पिस्टन ‘ठक्’ करून बसल्याचा आवाज येतो. फाटलेले असेल तर नुसते फुसफुसणे ऐकू येते. मिस्त्रीच्या कानाइतके स्वस्त उपकरण दुसरे नाही.

आता तेलाकडे येऊ, कारण पूर्वपक्षाचा सर्वांत लोकप्रिय मुद्दा तिथे आहे. ‘आयुष्यभराचे तेल’. कोणाच्या आयुष्यभराचे? जर्मनीची झेडएफ कंपनी बीएमडब्ल्यूसह अनेकांना गिअरबॉक्स पुरवते. काही गाडी-उत्पादक ज्या तेलाला आयुष्यभराचे म्हणत आले, तेच तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे यांच्या दरम्यान बदलावे, असे गिअरबॉक्स बनवणारी ही कंपनी स्वतः सांगते. साक्ष कोणाची ग्राह्य धरायची, विकणाऱ्याची की घडवणाऱ्याची?

‘तेल बदलले आणि गिअरबॉक्स बसला’ हा दुसरा मुद्दा काकतालीय न्यायाचे नमुनेदार उदाहरण आहे. कावळा बसला आणि फांदी तुटली. लोक तेल बदलतात केव्हा? गिअरबॉक्स कुरकुरू लागल्यावर. जो आधीच बसत आला होता, तो बसला. याच्या मागे काही खऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. चुकीच्या जातीचे तेल भरले तर चांगला गिअरबॉक्सही बिघडतो. या तेलात घर्षण नेमके राखणारी रसायने असतात, आणि ती किती नाजूक बाब आहे हे यावरून कळेल की १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत जनरल मोटर्सच्या डेक्स्रॉन तेलात त्यासाठी स्पर्म व्हेलचे तेल मिसळत. अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर पर्यायासाठी खटपट करावी लागली. अशा द्रव्याच्या जागी ‘लालच असते हो सगळे’ म्हणून हाताशी असलेले ओतणे हा गुन्हाच आहे. आणि ज्याच्या प्लेटांचे अस्तर खरोखर संपले आहे, त्याला नवे तेल वाचवू शकत नाही. पण यांपैकी एकही गोष्ट योग्य तेल योग्य वेळी बदलण्याच्या विरुद्ध जात नाही.

पातळी मोजण्यातही पुष्कळ चुका होतात. ज्यांना डिपस्टिक नाही, अशा गाड्यांत तेल ठराविक तापमानाला, इंजिन चालू ठेवून, बाजूच्या प्लगमधून ओघळेपर्यंत भरायचे असते; झेडएफच्या ६एचपी गिअरबॉक्सला ते ३० ते ५० अंशांच्या दरम्यान. इंजिन बंद ठेवून भरले, की पातळी भरली असे वाटते आणि कन्व्हर्टरचा वाटा कमी पडतो. मग पंप तेलाबरोबर हवा ओढतो. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. पिस्टनमागे फेस भरतो आणि दाब चढायला वेळ लागतो. हाच दोष फिल्टरच्या गळ्यातली लहानशी ओ-रिंग चिरली तरी येतो. दोन्हींत क्लचचा काय अपराध?

सुटे भाग मिळत नाहीत, या तक्रारीला याच ६एचपीचे उदाहरण पुरेसे आहे. २००१ साली बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमधून आलेल्या या गिअरबॉक्समध्ये कॉम्प्युटर आणि व्हॉल्व्ह बॉडी एकत्र, पॅनच्या वर बसवलेली असतात. त्या जोडीच्या आणि गिअरबॉक्सच्या मुख्य सांगाड्याच्या मधे तेल नेणारा एक प्लास्टिकचा पूल आणि काही नळ्या असतात, कडांना रबर. ते रबर काही वर्षांनी कडक होते, तेल पलीकडे पोचण्याऐवजी टाकीत परत गळते, आणि गिअर उशिरा, धक्क्याने लागू लागतो. हे भाग बदलायला गिअरबॉक्स गाडीतून उतरवावा लागत नाही. पॅन आणि ती जोडी, म्हणजे मेकाट्रॉनिक, खालून काढून काम होते. भाग तळहातावर मावतात. झिजलेल्या व्हॉल्व्ह बॉडीचेही तेच : भोक रीमरने गोल करून किंचित मोठा व्हॉल्व्ह बसवण्याची पद्धत रूढ आहे, आणि अमेरिकेत सॉनॅक्ससारख्या कंपन्या याच कामाचे भाग बनवतात. मागवायला दिवस लागतात, हे मान्य. पण ‘मिळायला वेळ लागतो’ आणि ‘मिळत नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

राहिली वॉरंटी. ती नव्या असेंब्लीवर मिळते, निदानावर मिळत नाही. दोष असेंब्लीच्या बाहेर असेल तर?

असतो. माझ्याकडे आलेल्या एका सेडानचे दोन्हीकडचे गिअर तीन सेकंद उशिरा लागत. एका ठिकाणी पूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचे अंदाजपत्रक हातात दिलेले होते. तेल स्वच्छ, पातळी बरोबर. लिव्हर ड्राइव्हच्या खाचेत बसल्यावर त्याला बोटाने किंचित पुढे रेटले, तर गिअर तत्काळ पडत होता. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश झिजला होता. लिव्हर खाचेत पोचे, पण आतला मॅन्युअल व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याच्या थोडा अलीकडे थांबे, आणि तेलाला अर्ध्या दाराने जावे लागे. बुश बदलला, केबल जुळवली, काम संपले. एका दृष्टांताने सिद्धान्त होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ‘उशीर तिथे जळालेला क्लच’ ही व्याप्ती मोडायला एक प्रतिदृष्टांत पुरतो. त्या गाडीत नवा गिअरबॉक्स बसवला असता, तर नवाही उशिराच धरला असता.

आणखी एक सांगायचे. आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली निरनिराळी यंत्रे फिरतात. मारुती सुझुकीने २०१४ साली सेलेरिओमध्ये आणलेला एएमटी हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. त्याचा क्लच आणि गिअर हलवायला एक यांत्रिक हात लावलेला आहे. तिथे टॉर्क कन्व्हर्टर नाही, वर सांगितलेले ओले क्लचही नाहीत. उशीर झाला तर तो हात, त्याचे कॅलिब्रेशन आणि कोरडी क्लच प्लेट पाहायची. या लेखातले सारे विवेचन टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सपुरते आहे. एकाचा अनुभव दुसऱ्याला लावून दिलेले निकालही मी कमी ऐकलेले नाहीत.

याच्या उलट टोकालाही काही मंडळी आहेत : बाटलीतले औषध ओता, सील फुगेल, काम होईल. होते कधी कधी, काही महिने. पण रबर फुगवणारे रसायन कडक सील ओळखून फक्त त्यालाच फुगवत नाही. चांगल्या सीलांनाही सैल करते. निदानाशिवाय गिअरबॉक्स बदलणे आणि निदानाशिवाय बाटली ओतणे यांत खर्चाचा फरक आहे, विचाराचा नाही.

मग गिअरबॉक्स खोलायचा केव्हा? त्याचीही उत्तरे आहेत आणि ती देणे माझ्यावर बंधनकारक आहे. तेल करपल्यासारखे वासाला येत असेल. पॅनच्या चुंबकावरच्या नेहमीच्या करड्या चिखलाऐवजी धातूचे कपचे सापडत असतील. गाडी चालताना गिअर घसरत असेल. किंवा गेज लावून पाहिल्यावर लाइन प्रेशर पुस्तिकेइतके भरूनही क्लच धरत नसेल, तर खोला. तेव्हा पूर्वपक्ष बरोबर ठरेल आणि मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण तो निकाल पुराव्यानंतरचा असेल.

वाचकांना एवढीच विनंती आहे. गाडी उशिरा धरू लागली तर ॲक्सिलरेटर दाबू नका. ब्रेकवर पाय ठेवून धक्का बसेपर्यंत थांबा. उशीर थंड गाडीत होतो की गरम, पुढे की मागे, की दोन्हीकडे, हे चार दिवस वहीत लिहून ठेवा. आणि गिअरबॉक्स बदलण्याचे अंदाजपत्रक पुढे आले, तर जॉब कार्डवर हे आकडे शोधा : तेलाची पातळी कोणत्या तापमानाला पाहिली, ड्राइव्ह आणि रिव्हर्सला किती सेकंद लागले, गेजवर लाइन प्रेशर किती भरले. ते लिहिलेले नसतील, तर सही करू नका.